श्रीमती स्वप्ना, गैरहजर

मी कोणत्याही बाईच्या नादी लागलेलो नाही, असं मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी लेखी द्यावं लागलं. तेही तीन प्रतींत. एक आस्थापना शाखेला, एक चौकशी अधिकाऱ्यांना आणि एक सेवापुस्तकात डकवायला. म्हणजे मी नोकरीत नसेन, यथावकाश या जगातही नसेन, पण रेकॉर्ड रूमच्या कपाटात हे वाक्य माझ्या सहीनिशी जिवंत राहणार. उद्या कोणाच्या हाती तो कागद पडला तर तो म्हणेल, ज्या अर्थी लिहून द्यावं लागलं त्या अर्थी काहीतरी असणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं.

आणि हे सगळं कशापायी, तर मला साधं राहायचं होतं. दारूपायी, जुगारापायी, निवडणुकीपायी बदनाम झालेली माणसं मी पाहिली आहेत. साधेपणापायी अब्रू गेलेला आमच्या खात्यात मी पहिलाच.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक बघायचो. आलेल्या कागदावर आल्याचा शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर गेल्याचा. अठ्ठावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद चुकीच्या दिशेने गेला नाही आणि ही गोष्ट एकाही माणसाच्या लक्षात आली नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. शिक्का मारताना माझं स्वतःचंही लक्ष नसायचं. माझं लक्ष खिडकीबाहेर समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर असायचं.

कारण मला पेंटर व्हायचं होतं. हे सांगितलं की लोक लगेच विचारतात, निसर्गचित्रं की माणसांची? कसलीही नाही. मला पाट्या रंगवायच्या होत्या. शिडीवर उभं राहून, डाव्या हातातल्या काठीवर उजवं मनगट टेकवून, पत्र्यावर अक्षरं. एकोणिसाव्या वर्षी एका पेंटरला भर दुपारी 'क्ष' काढताना पाहिलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, वगैरे. ते सगळ्यांचंच होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

गेली तीन वर्षं मात्र मी दर रविवारी सकाळी सायकलच्या दुकानामागे राहणाऱ्या पेंटरकाकांकडे शिकायला जात होतो. घरी सांगायचो, फिरायला जातो. पेंटरकाका सत्तरीच्या पुढचे, बोलायला तिखट. पहिले आठ रविवार त्यांनी माझ्याकडून फक्त काना काढून घेतला. वरून खाली एक सरळ रेघ. मी म्हणालो, "काका, रेघ जमली की आता." ते म्हणाले, "रेघ नाही ती. काना आहे. रेघ चुकली तर पुसता येते. काना चुकला तर माणूस बदलतो." तेव्हा मला हे जरा अतीच वाटलं होतं.

यंदा काकांच्या डोळ्यांनी दगा दिला. त्यांनी मुलीकडे राहायला जायचं ठरवलं आणि मला सांगितलं, "दोन महिन्यांनी खोली सोडतोय. पूर्णवेळ करणार असाल तर शिडी, ब्रश, गिऱ्हाइकं, सगळं तुमचं. रविवारचा पेंटर मला नको. नाहीतर शिडी भंगारात." आता मशीनवर छापलेले फ्लेक्स आल्यापासून हाताच्या पाट्या कोण करून घेतं, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला आहे, तुम्ही विचारू नका. करून घेतात. जुन्या दुकानांचे हट्टी मालक अजून आहेत आणि ते सगळे काकांचे गिऱ्हाईक होते.

आठ दिवस मी विचार केला. भीती कशाची वाटते ते शोधलं, तर ती गरजांमुळे वाटते असं दिसलं. गरजा कमी केल्या की भीती कमी. तेव्हा साधं राहायचं आणि कोणालाही न भिता मनासारखं करायचं, असा निश्चय केला.

चूक झाली ती इतकीच, की हा निश्चय मी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांना बोलून दाखवला. पोस्टमास्तर साधेपणातले जाणकार निघाले. "साधं राहायचं म्हणता? मग पहिली ती खुर्ची काढा. चटई आणा. साधी नको, जाड विणीची आणा, साध्या चटईने कंबर जाते. लाकडी कंगवा आणा. झोपायला नवी सतरंजी. आणि साध्या राहणीवर माझ्याकडे चार पुस्तकं आहेत, ती ठेवायला एक छोटं कपाट करून घ्या." संध्याकाळपर्यंत त्यांनी यादीच आणून दिली. साधं राहण्यासाठी मला एकंदर एकवीस नव्या वस्तू लागणार होत्या. मी यादी खिशात घातली, आभार मानले आणि त्यांच्यासमोर पुन्हा कधी निश्चय करायचा नाही असा निश्चय केला.

मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला. 'कारण' या रकान्यात लोक 'घरगुती अडचण' असं दोन शब्दांत लिहून मोकळे होतात. पण आयुष्यात एकदाच मनातलं लिहायची संधी, ती घरगुती अडचणीवर का घालवायची? मी पुरवणी जोडली. ती अशी:

'तरुणपणापासून मी स्वप्नाच्या ध्यासात आहे. सांसारिक जबाबदाऱ्यांमुळे मला स्वप्नाला दूर सारावे लागले. तरीही स्वप्नाने माझी पाठ सोडली नाही. आता मुलगी मार्गी लागली असल्याने उर्वरित आयुष्य कोणालाही न भिता, साधेपणाने, केवळ स्वप्नासाठी जगण्याचा माझा निर्धार झाला आहे. या निर्णयास माझ्या कुटुंबाची पूर्ण संमती आहे.'

मला स्वतःला ते फार आवडलं होतं. दोनदा मोठ्याने वाचलं. शेवटचं वाक्य थोडं आगाऊ होतं, हे कबूल करतो. म्हणजे हिला मी अजून काही सांगितलं नव्हतं. पण मंजुरी हातात आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. आधी सांगून काळजीत कशाला टाकायचं, असा माझा त्यामागे उदात्त विचार होता.

बाराव्या दिवशी माझाच अर्ज माझ्याच टेबलावर आवक म्हणून परत आला. सोबत त्रुटीपत्र. मी सवयीने आधी शिक्का मारला आणि मग वाचलं.

'एक. श्रीमती स्वप्ना यांचे पूर्ण नाव, वय, पत्ता व अर्जदाराशी असलेले नाते नमूद केलेले नाही. दोन. सदर महिला शासकीय सेवेत आहेत किंवा कसे, खुलासा करावा. तीन. कुटुंब म्हणजे पत्नी, की कुटुंबातील सर्व सदस्य, ते स्पष्ट करावे.'

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं पत्र. वर नाव माझं होतं. मी अर्ज पुन्हा काढून वाचला. ध्यासात काय, दूर सारावे लागले काय, पाठ सोडली नाही काय. चारही वाक्यांत तो शब्द मी एकदाही नुसता वापरला नव्हता. प्रत्येक ठिकाणी प्रत्यय लावला होता आणि प्रत्येक प्रत्ययाच्या आधी तो काना जाऊन बसला होता. एकदा, फक्त एकदा, 'माझे स्वप्न' असं लिहिलं असतं तर नपुंसकलिंगी ठरून मी सुटलो असतो. पण इतकी वर्षं सरकारी मराठी लिहून माझी भाषा अशी झाली आहे की विभक्तीशिवाय मला बोलताच येत नाही.

आस्थापना शाखेतल्या कारकुनाला आम्ही 'नियम' म्हणायचो. त्यालाही ते आवडायचं. मी त्याच्यासमोर कागद आपटला. "अहो, स्वप्न म्हणजे स्वप्न. माणसाचं असतं ते. महत्त्वाकांक्षा."

"असं अर्जात कुठे आहे?" नियम म्हणाला.

"सगळा अर्ज त्याचाच आहे."

"अर्जात स्वप्नासाठी आहे. स्वप्नाला आहे. स्वप्नाने तुमची पाठ सोडली नाही असं आहे. माझ्या मेव्हणीचं नाव स्वप्ना आहे. तिला मी काय म्हणतो? स्वप्नाला."

"तुमच्या मेव्हणीचा इथे काय संबंध?"

"तेच मलाही बघायला लागलं," नियम थंडपणे म्हणाला. "म्हणून तर पूर्ण नाव मागितलंय."

मी म्हणालो, अर्ज मागे घेतो, नवीन देतो. तर म्हणे, नोंद झालेला अर्ज चौकशीशिवाय मागे घेता येत नाही. पत्नी हयात असताना दुसरा संबंध जोडण्याचा इरादा कर्मचाऱ्याने स्वतः लेखी कळवला असेल तर त्याची दखल घेणं बंधनकारक आहे. "इतका स्पष्ट अर्ज माझ्या कारकिर्दीत आला नव्हता," तो म्हणाला. "बहुतेक लोक लपवतात."

यानंतरचे पंधरा दिवस मी विसरू शकत नाही. मला संताप कशाचा आला सांगू? लोकांनी संशय घेतला त्याचा नाही. त्यांनी माझा आदर करायला सुरुवात केली त्याचा. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसांनी मला 'अहो, शिक्का' एवढंच म्हटलं, ते आता उठून खुर्ची देऊ लागले. कॅंटीनवाला न मागता चहा आणून ठेवायचा आणि हलकेच मान डोलवायचा. हेडक्लार्क माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, कधी नमस्कारालाही उत्तर न देणारे. त्यांनी मला जिन्याखाली गाठलं.

"तुमचं ते वाक्य वाचलं मी. कोणालाही न भिता. काय लिहिलंय हो." त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "आमच्याकडून नाही झालं ते. आम्ही भ्यालो."

मी म्हणालो, "साहेब, तसं काही नाहीये. मला पाट्या रंगवायच्यात."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "पाट्या म्हणजे?"

"दुकानांच्या. ब्रशने."

त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक असं उतरलं की मलाच अपराधी वाटलं. "मग एवढं लिहायचं कशाला?" असं म्हणून ते निघून गेले, ते पुन्हा नमस्कारालाही उत्तर न देण्यासाठी. आणि हे प्रत्येकाच्या बाबतीत झालं. बाईसाठी नोकरीवर पाणी सोडणारा माणूस त्यांना समजत होता. 'क्ष' साठी सोडणारा त्यांना वेडा वाटत होता. माझ्या आयुष्यातली एकमेव धाडसाची गोष्ट, आणि तिचं श्रेय एका अस्तित्वात नसलेल्या बाईला मिळत होतं.

बिल्डिंगमध्येही पोचलंच. पोस्टमास्तरांनी यादी परत मागितली. म्हणाले, "तुम्हाला साधेपणा कशासाठी हवा होता ते कळलं. माझी चटई त्यात नको." मुलीचा परगावाहून फोन आला. तिने सरळ विचारलं, "बाबा, आईला सोडून जाणार आहात का?" मी म्हणालो, "अगं, व्याकरणाची चूक आहे." मग ती म्हणाली, "बाबा, असल्या गोष्टीला तुम्ही व्याकरणाची चूक म्हणता?"

आता तुम्ही म्हणाल, हिचं काय? हिला कळलं ते टपालाने. चौकशीच्या नोटिशीवर खाली 'प्रत माहितीसाठी: अर्जदाराची पत्नी' असं होतं आणि ती प्रत नियमाने नियमानुसार रजिस्टर पोस्टाने पाठवली होती. ती एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती कामावरची साडीही न बदलता जेवणाच्या टेबलाशी बसली होती आणि समोर माझ्या पुरवणीची नक्कल होती.

मी दारातूनच सुरू केलं. "हे बघ, यात कुठलीही बाई नाही."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

हे तिने इतक्या सहज म्हटलं की मला लागलं. निदान एक क्षण तरी शंका घ्यायला काय हरकत होती? मी म्हणालो, "इतकी कशी खात्री?"

"तीन वर्षं रविवारी फिरून येता आणि नखांत रंग असतो. शर्टाला टर्पेंटाइनचा वास येतो. कुठली बाई लावते टर्पेंटाइन?" तिने कागद माझ्याकडे वळवला आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे एवढं मला समजलं नाही. पूर्ण संमती. ही कोणी दिली?"

मी काळजी, उदात्त विचार वगैरे सांगायला लागलो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "कोणालाही न भिता, असं वरच्याच ओळीत लिहिलंय." आणि भाजी चिरायला उठली. त्यानंतर चौकशीच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी व्यवस्थित बोलली. जेवायला चला, बिल भरलंत का, छत्री घ्या. याहून मोठी शिक्षा आमच्या घरात नाही.

चौकशीची तारीख पडली ती नेमकी पेंटरकाका खोली सोडणार त्याच आठवड्यातली. चौकशी अधिकारी मुख्य कार्यालयातून आलेल्या बाई होत्या. मोठ्या, शांत, चष्मा नाकाच्या टोकावर. शेजारी टायपिस्ट. नियम कागदांचा गठ्ठा घेऊन उभा. हिलाही बोलावलं होतं, ती बाहेरच्या बाकावर बसली होती. मी पिशवीतून शब्दकोश आणि मी रंगवलेली एक पाटी नेली होती.

"श्रीमती स्वप्ना हजर आहेत?" बाईंनी विचारलं.

"नाहीत," नियम म्हणाला. "दोनदा पुकारा केला."

"गैरहजर लिहा."

"बाई, त्या नाहीतच," मी म्हणालो.

"तेच लिहून घेतोय."

"तसं नव्हे. त्या मुळातच नाहीत."

टायपिस्टचे हात थांबले. बाईंनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, "केव्हा वारल्या?"

मी शब्दकोश उघडून त्यांच्यापुढे ठेवला. स्वप्न, नपुंसकलिंगी. तो आधी त्यांनी वाचला, मग टायपिस्टने, मग नियमाने. नियम म्हणाला, "हा शब्द कोशात आहे, मान्य. पण हा अर्जात नाही. अर्जात आहे तो कोशात नाही." मी त्याला विभक्ती समजावली. प्रत्यय लागताना शब्दाच्या शेवटी काय होतं, ते घर, झाड, टेबल अशी उदाहरणं देऊन सांगितलं. घराला, झाडाला, टेबलाला. बावन्न वर्षांचा गृहस्थ सरकारी चौकशीत उभं राहून टेबलाला, टेबलाने, टेबलासाठी म्हणतो आहे आणि शेजारी टायपिस्ट ते टाइप करते आहे, हे दृश्य माझ्या शत्रूलाही बघावं लागू नये. शेवटी पाटी बाहेर काढली. 'सायकल दुरुस्ती', पिवळ्यावर लाल. बाईंनी ती हातभर लांब धरून पाहिली.

"'स्ती' जरा डावीकडे कलली आहे," त्या म्हणाल्या.

खरंच कलली होती. पण तो मुद्दा होता का?

"बरं," बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही नोकरी सोडताय ती पाट्या रंगवायला." मी हो म्हणालो. त्यांनी पाटी टेबलावर ठेवली. मग अगदी मायेने म्हणाल्या, "हे बघा, आरोप उरला नाही. पण हे कारण वर टिकणार नाही. परत येईल, त्यात तीन-चार महिने जातील. तुम्ही 'प्रकृती अस्वास्थ्य' लिहा. मी आजच शिफारस करते."

चार महिन्यांत शिडी भंगारात गेली असती. मी पेन हातात घेतलं. इथे मी खोटं सांगणार नाही. मी 'प्र' लिहिलासुद्धा.

"तेवढं कुटुंबाच्या संमतीचं राहिलंय," नियम म्हणाला. आणि हिला आत बोलावलं.

ती आत आली, नमस्कार केला, बसली. बाईंनी विचारलं, "यांच्या या निर्णयाला तुमची पूर्ण संमती आहे, असं यांनी लिहिलंय. बरोबर आहे?"

"नाही," ती म्हणाली.

नियमाने मान वर केली. बाई म्हणाल्या, "तुमची तक्रार आहे का?"

"तक्रार नाही. मला विचारलंच नाही, एवढी माहिती देतेय."

बाई माझ्याकडे वळल्या. "विचारलं नाही?"

"विचारणार होतो."

"मग विचारा."

"इथे?"

"लिहिलंत इथेच ना," बाई म्हणाल्या. टायपिस्टने नवा कागद चढवला.

मी हिच्याकडे पाहिलं. सगळ्या खात्याला न भिता अर्ज केला होता मी, साहेबाला भ्यालो नव्हतो, पगार जाण्याला भ्यालो नव्हतो. या एका बाईसमोर एक साधा प्रश्न विचारायला तीन वर्षं मी टाळाटाळ करत होतो आणि तिला काळजी असं नाव देत होतो. मी म्हणालो, "मी नोकरी सोडून पाट्या रंगवू का?"

"मी नको म्हटलं तर?"

"तर वाईट वाटेल. आणि परत विचारीन."

तिची नजर माझ्यासमोरच्या कागदावर गेली, त्या 'प्र' वर. "हे काय लिहिताय?"

बाईंनीच तिला समजावलं, की ही फक्त सोय आहे.

"माझी संमती आहे," ती म्हणाली. "पण हे नाही लिहायचं. मी रोज दवाखान्यात घाबरलेली माणसं बघते. दाढ ठणकत असते आणि खुर्ची दिसली की म्हणतात, आता दुखत नाही. यांचं उलट चाललंय, काही दुखत नाही आणि दुखतंय म्हणून लिहितायत. असा माणूस घरी आणून मी काय करू? पाट्या म्हणजे पाट्या लिहा. परत आलं तर परत पाठवू."

बाईंनी माझ्या हातून कागद घेतला, तो 'प्र' खोडला आणि स्वतःच्या हाताने कारण लिहिलं: 'व्यवसाय बदल, पाट्या रंगविणे'. नियम म्हणाला, असा रकानाच नाही. बाई म्हणाल्या, मग समासात लिहा. पुढे मंजुरी आली ती तीन आठवड्यांत, तोपर्यंत काकांनी शिवीगाळ करत खोली एक महिना पुढे ठेवली, आणि शिडी आज माझ्या जिन्यात उभी आहे. एवढ्या सहज व्हायचं होतं तर मधले दोन महिने माझी धिंड कशासाठी काढली, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

निघताना बाईंनी हिला शेवटचं विचारलं, "अजून काही सांगायचंय?"

"आहे," ती म्हणाली. "पण ते यांना. इथे सगळं लिहून घेतात."

बसस्टॉपवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "बोल."

"मला बस चालवायची आहे."

"म्हणजे?"

"बस. ही मोठी. जड वाहनाचा वर्ग लावलाय मी, अडीच महिने झाले. मंगळवार आणि शुक्रवार. दवाखान्यात उशीर होतो म्हणून सांगायचे ते."

माझा विश्वास बसेना. अडीच महिने, आणि मला पत्ता नाही. मी चांगलाच चिडलो. नवराबायकोत असं लपवायचं असतं का, विश्वास म्हणून काही असतो की नाही, असं बरंच काही बोललो. ती ऐकून घेत होती. शेवटी मी म्हणालो, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही काय म्हणाल, म्हणून."

"मी काय म्हणणार? मी कशाला काही म्हणतोय? पण तूच विचार कर, एवढ्या रस्त्यावर, एवढ्या माणसांना घेऊन, लोक काय म्हणतील?"

"हेच म्हणाल, म्हणून," ती म्हणाली.

दीड महिना मला नाही नाही ते विचारलं गेलं होतं, पण 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न चौकशीतसुद्धा कोणी केला नव्हता.

बस आली. ती माझ्याआधी चढली आणि नेहमीसारखी पुढे, ड्रायव्हरच्या तिरकं मागे असलेल्या जागेवर जाऊन बसली. मी शेजारी बसलो. सगळा रस्ताभर ती त्याच्या हातांकडे बघत होती, गियर टाकताना, वळण घेताना. तिचा उजवा पाय हलकेच दाबला जात होता आणि सुटत होता. सव्वीस वर्षं ती त्याच जागेवर बसते आहे, आणि सव्वीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की हिला बस लागते.